किडनी मिळणे आणि किडनी टिकणे
(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला दरवर्षी होते, त्या डॉक्टरांनी आयुष्यभर तालुक्याच्या गावी दवाखाना चालवला. पुण्या-मुंबईला ऑपरेशन करून परत आलेला माणूस पुढे कसा आहे, याची चौकशी ते घरी जाऊन करत. मी किडनीविकारांवर उपचार करणारा डॉक्टर. तुम्ही मला बोलायला बोलावलेत तेव्हा विषय शोधावा लागला नाही. ऑपरेशन झाल्यावर माणूस घरी जातो, तिथून पुढच्या वीस-तीस वर्षांविषयी मला बोलायचे आहे.

किडनी प्रत्यारोपणाची चर्चा आपल्याकडे दोन वेगळ्या खोल्यांत होते. एका खोलीत विचारतात, किडनी मिळणार कोणाला? तिथे कायदा, प्रतीक्षायादी, अवयवदानाच्या फेऱ्या, पैसा हे विषय असतात. दुसऱ्या खोलीत डॉक्टर आपसात विचारतात, बसवलेली किडनी किती वर्षे टिकते? माझे म्हणणे असे की हा एकच प्रश्न आहे. पंचविशीतल्या मुलाला बसवलेली किडनी आठ वर्षांत गेली, तर तेहतिसाव्या वर्षी तो पुन्हा डायलिसिसवर येतो आणि पुन्हा यादीत नाव घालतो. या वेळी त्याच्या रक्तात परक्या पेशींविरुद्धची प्रतिद्रव्ये तयार झालेली असतात, त्यामुळे जुळणारी किडनी मिळणे पहिल्यापेक्षा कठीण होते. पहिली किडनी त्याच्या आईने दिलेली असते. आता द्यायला आई उरलेली नसते. तीच किडनी वीस वर्षे टिकली असती, तर यादीतली एक किडनी दुसऱ्या कोणाला मिळाली असती. म्हणून किडनी टिकवणे हाही ती मिळवून देण्याचाच एक मार्ग आहे, आणि आपल्या राज्यात याच मार्गाकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातूनच हा मुद्दा पक्का होतो. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका तरुणाला त्याच्या जुळ्या भावाची किडनी बसवली. दोघे अगदी एकसारखे जुळे असल्यामुळे शरीराने ती किडनी परकी मानली नाही. घेणारा भाऊ आणखी आठ वर्षे जगला. देणारा भाऊ एका किडनीवर २०१० पर्यंत, म्हणजे छप्पन वर्षे जगला. डॉ. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. शस्त्रक्रियेचे तंत्र १९५४ मध्येच हाती आले होते. तरीही पुढची कित्येक वर्षे जुळे नसलेल्यांमध्ये बसवलेल्या किडन्या शरीर नाकारत राहिले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये भारतातला पहिला प्रयत्न झाला. मृत दात्याची किडनी बसवली गेली, पण रुग्ण फार दिवस जगला नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले.

खरा बदल घडवला तो औषधांनी. आधी ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड आले. मग नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळाले आणि १९८० च्या दशकात ते सर्रास वापरात आले. त्यानंतर जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूतून टॅक्रोलिमस मिळाले. आज आपला जवळजवळ प्रत्येक रुग्ण टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडे स्टेरॉइड या तीन गोळ्यांवर असतो. या गोळ्यांमुळे पहिल्या वर्षाअखेर शंभरातल्या नव्वदहून अधिक किडन्या चालू राहतात. शस्त्रक्रिया तीन-चार तासांत संपते, गोळ्या मात्र किडनी चालू असेपर्यंत रोज, ठरलेल्या वेळी घ्याव्या लागतात. इतिहासाचा निकाल इतका स्पष्ट असताना आपण सारा पैसा आणि सारे कौतुक त्या तीन-चार तासांना देतो.

आता रुग्ण या वाटेवर येतो कसा ते पाहू. किडनी दुखत नाही. मधुमेह आणि रक्तदाब तिला वर्षानुवर्षे पोखरतात आणि माणूस कामावर जात राहतो. पायाला सूज येते, भूक मरते, रात्री धाप लागते, तेव्हा कोणीतरी रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की वाढणारा टाकाऊ पदार्थ, तपासते आणि ते दहा-बारावर गेलेले असते. मानेत नळी घालून त्याच रात्री डायलिसिस सुरू होते. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्म्याहून अधिक असेच आलेले असतात. केंद्र सरकारने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, तेव्हाच्या कागदपत्रांत देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची किडनी पूर्ण निकामी होते असा अंदाज होता. त्या कार्यक्रमाने मोठे काम केले आहे. जिल्हा रुग्णालयात यंत्रे आली, गोरगरिबांचे डायलिसिस मोफत झाले. पूर्वी पैशांअभावी दोन महिन्यांत घरी परतणारे आणि तिथेच संपणारे लोक आज जगत आहेत. या कार्यक्रमाचे मोल मी अजिबात कमी करत नाही.

पण डायलिसिस केंद्र हा मधला थांबा असायला हवा होता आणि तो शेवटचा मुक्काम होऊन बसला आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास खुर्चीत बसायचे. पाणी मोजून प्यायचे. हाताचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी जोडलेली रक्तवाहिनी, जपायचा. येण्याजाण्यात एकाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याची वेगळी. वर्षे जातात, हृदय थकत जाते, आणि या सगळ्या काळात त्या माणसाला कोणीही बसवून सांगत नाही की तुमचे वय चाळीस आहे, तुमचे प्रत्यारोपण होऊ शकते, नाव नोंदवायला कुठे जायचे, कोणत्या तपासण्या लागतात. डायलिसिस करणारा तंत्रज्ञ आपले काम नीट करतो, पण हे सांगणे कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. वास्तविक किडनीचे काम वीस टक्क्यांच्या खाली आले की प्रत्यारोपणाची तयारी सुरू करता येते, आणि डायलिसिस सुरू होण्याआधीच किडनी बसवली तर निकाल सर्वांत चांगले येतात. आपल्याकडे हे भाग्य बहुतेक शहरातल्या, शिकलेल्या, एखादा डॉक्टर नातेवाईक असलेल्या कुटुंबाला मिळते. २०२३ मध्ये देशात १३,४२६ किडनी प्रत्यारोपणे झाली. दोन लाखांसमोर तेरा हजार.

या तेरा हजारांत किडनी कोण देते आणि कोण घेते, इथे मला जरा थांबायचे आहे.

बहुतेक किडन्या जिवंत नातेवाइकांच्या असतात. २०२३ मध्ये देशात सगळ्या अवयवांचे मिळून जे जिवंत दाते होते, त्यांत ९,७८४ स्त्रिया आणि ५,६५१ पुरुष होते. आता दुसरी बाजू बघा. १९९५ ते २०२१ या काळात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांची होती आणि ६,९४५ स्त्रियांची. म्हणजे देणाऱ्यांत बाई पुढे आणि घेणाऱ्यांत पाचात एक. किडनीचे विकार स्त्रियांना कमी होतात म्हणून असे घडत नाही. माझ्या बाह्यरुग्ण विभागात हे रोज दिसते. नवऱ्याची किडनी गेली की बायको पदर खोचून पुढे येते, आई येते, बहीण येते. बायकोची किडनी गेली की चर्चा सुरू होते. नवरा कमावता आहे, त्याला कसे चालेल? दीर तयार असतो, त्याची बायको नको म्हणते. माहेरच्यांकडे बघितले जाते. शेवटी तिची आई, साठी उलटलेली, मधुमेह असलेली, हात पुढे करते आणि तपासणीत बाद होते. मग ती बाई डायलिसिसवर राहते. पुढे कधीतरी आठवड्याचे एक डायलिसिस कमी होते, कारण घरात कोणीतरी आजारी असते, मुलांची परीक्षा असते. अशा कितीतरी जणींचे चेहरे मला आठवतात. पुरुष किडनी देतच नाहीत असे मी म्हणत नाही. आनंदाने देणारे नवरे आणि वडील मी पाहिले आहेत. पण आकडे एवढे सरळ एका बाजूला झुकतात, तेव्हा घराघरांतल्या स्वतंत्र निर्णयांमागे एकच रीत काम करते आहे हे मान्य करावे लागते. २०२५ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटनेने, म्हणजे नोटोने, यादीतल्या स्त्री रुग्णांना आणि पूर्वी अवयवदान केलेल्या मृत दात्यांच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य द्यावे, असे राज्यांना कळवले. हे पाऊल योग्य आहे. मात्र यादीत नावच घातलेले नसेल तर प्राधान्याचा उपयोग नाही. त्यामुळे डायलिसिसवरच्या प्रत्येक बाईचे नाव नोंदले गेले आहे का, हे आधी बघायला हवे.

किडनी देणाऱ्या बाईविषयी अजून एक. दात्याची निवड काटेकोरपणे केली तर एका किडनीवर माणूस पूर्ण आयुष्य काढतो. त्या जुळ्या भावाचे उदाहरण मी सांगितलेच. पण त्यासाठी दरवर्षी रक्तदाब, लघवीतले प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासायला हवे. वेदनाशामक गोळ्या टाळायला हव्यात. तरुण वयात किडनी दिलेल्या बाईला पुढे गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचा धोका काहीसा जास्त असतो, त्या वेळी तिच्याकडे बारीक लक्ष लागते. प्रत्यक्षात ती टाके काढायला येते आणि त्यानंतर नवऱ्याची फाइल हातात घेऊनच येते. तिची स्वतःची फाइल कोणी उघडत नाही.

घरातला दाता तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही, असे पुष्कळ वेळा होते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा अशा दोन कुटुंबांना दाते अदलाबदल करण्याची मुभा मिळाली. एकाची बायको दुसऱ्याला देते, दुसऱ्याची बायको पहिल्याला. याला आपल्याकडे स्वॅप म्हणतात. जोड्या जितक्या जास्त, तितकी जुळणी जास्त. एका रुग्णालयाच्या यादीत दहा जोड्या असतात आणि त्यांतून एखादीच जुळते. देशभरातल्या जोड्या एका नोंदवहीत आणल्या तर कित्येक जुळतील. नोटोने देशपातळीवर समान स्वॅप कार्यक्रमासाठी आता राज्यांना सांगितले आहे. नवा कायदा लागणार नाही, नवे यंत्र लागणार नाही, आणि तरीही शेकडो किडन्या मिळतील असा हा एकमेव उपाय आहे. यात उशीर का व्हावा, हे मला कळत नाही.

जिवंत दात्यांवरचा हा भार हलका करायचा तर मृत्यूनंतरच्या दानाकडे वळावेच लागेल. अवयव प्रत्यारोपण कायदा ४ फेब्रुवारी १९९५ पासून पहिल्यांदा लागू झाला तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशात. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता सर्वांत आधी या राज्यांत मिळाली. डोक्याला जबर मार लागतो किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव होतो. मेंदूच्या देठाचे काम कायमचे थांबते आणि श्वास फक्त व्हेंटिलेटरवर चालतो. चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते आणि मगच मेंदूमृत्यू जाहीर होतो. हृदय तेव्हा धडधडत असते, अंग गरम असते. ज्यांच्या मुलाचा सकाळी अपघात झाला, त्यांना संध्याकाळी हे समजावून सांगायचे असते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय समन्वय समित्या आहेत. त्यांनी पारदर्शक यादी आणि गुणांची पद्धत घालून दिली आणि लोकांचा विश्वास कमावला. तरी आज राज्यात किडनीच्या प्रतीक्षायादीत पाच हजारांहून अधिक नावे आहेत.

देशभरात २०२३ मध्ये मृत्यूनंतर अवयव दिलेले १,०९९ दाते होते. दहा लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये हे प्रमाण अलीकडे पन्नाशीच्या आसपास आहे. तिथेही १९८९ मध्ये ते १४ होते. त्या वर्षी डॉ. राफाएल मातेसान्झ यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिने प्रत्येक मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्याच डॉक्टराला समन्वयक नेमले. संभाव्य दाता ओळखणे, कुटुंबाशी बोलणे आणि हातून निसटलेल्या प्रत्येक दात्याचा हिशेब देणे, हे त्याचे काम. स्पेनमध्ये संमती गृहीत धरणारा कायदा आहे म्हणून हे झाले, असे अनेकांना वाटते. मातेसान्झ स्वतः मात्र श्रेय कायद्याला देत नाहीत, या यंत्रणेला देतात.

आपल्याकडे अपघाताचे रुग्ण मुख्यतः सरकारी रुग्णालयांत येतात आणि प्रत्यारोपणे मुख्यतः खासगी रुग्णालयांत होतात. ही मूळ विसंगती आहे. मेंदूमृत्यू कळवणे महाराष्ट्राने २०१२ मध्येच बंधनकारक केले, आणि प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयांनाही अवयव काढून पाठवण्याची परवानगी दिली. तरीही जिल्ह्याच्या अतिदक्षता विभागात रात्री दोन वाजता चार डॉक्टरांचे मंडळ जमवायचे कोणी, समुपदेशकाचा पगार द्यायचा कोणी, पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन वेळेत करवून घ्यायचे कोणी? हे सगळे सुटत नाही आणि दाता निसटतो. दुसरी गोष्ट वाटपाची. ज्या रुग्णालयात दाता मिळतो तिथल्या रुग्णांसाठी एक किडनी राहते आणि दुसरी सामायिक यादीत जाते. रुग्णालयांना दाते शोधायचा उत्साह यावा म्हणून हा नियम आला आणि तसा उत्साह आलाही. पण त्यामुळे मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवू शकणाऱ्याची पाळी लवकर येते. नियमाचा हेतू चांगला होता म्हणून त्याचा परिणाम तपासायचाच नाही, असे होऊ नये. २०२३ मध्ये केंद्राने मृत दात्याचा अवयव मिळण्यासाठीची अधिवासाची अट आणि पासष्टची वयोमर्यादा काढली आणि नोंदणीसाठी शुल्क घेऊ नये असे राज्यांना सांगितले. ते चांगले झाले.

आता माझ्या मुख्य विषयाकडे येतो. समजा, हे सगळे पार पडले. किडनी मिळाली, बसली, लघवी सुरू झाली, क्रिएटिनिन एकवर आले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. ट्रस्ट, मुख्यमंत्री सहायता निधी, गावातली वर्गणी, सोने गहाण ठेवणे, असे करून उरलेला खर्च निघतो. पेढे वाटले जातात. रुग्ण गावी जातो.

पहिल्या काही महिन्यांत गोळ्यांचा खर्च दहा-पंधरा हजारांच्या घरात असतो. डोस कमी होतात तसा तो उतरतो, पण संपत नाही. रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी तपासायची असते. ते रक्त सकाळची गोळी घेण्याआधी काढावे लागते आणि ही तपासणी तालुक्यात होत नाही. म्हणजे पहाटेची गाडी, एक दिवसाची मजुरी, तपासणीचे पैसे. पहिले वर्षभर लोक हे सांभाळतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माणूस ठणठणीत दिसू लागतो, घरचे म्हणतात आता काय, बरा तर झालास. तिथून गोळी एकदिवसाआड होते. महिनाअखेरीला पैसे नसतात म्हणून चार दिवस गाळले जातात. शरीर किडनीला नाकारू लागते तेव्हा सहसा दुखत नाही, ताप येत नाही. फक्त क्रिएटिनिन वर सरकते. तपासले नाही तर ते कळत नाही. सहा महिन्यांनी रुग्ण सुजून येतो, तेव्हा किडनीत वाचवण्यासारखे थोडेच राहिलेले असते.

गोळ्या नियमित घेणाऱ्यांनाही धोके आहेत आणि त्यांतला आपल्याकडचा मोठा धोका क्षयरोग. प्रतिकारशक्ती दाबलेली असते, जंतू आधीच शरीरात निपचित असतात आणि ते डोके वर काढतात. तालुक्याचा डॉक्टर निदान बरोबर करतो आणि टीबीची नेहमीची औषधे सुरू करतो. त्यांतल्या रिफाम्पिसिनमुळे यकृत टॅक्रोलिमस झपाट्याने संपवून टाकते, पातळी कोसळते आणि काही आठवड्यांत किडनी नाकारली जाते. उलट बाजूने, बुरशीवरची फ्लुकोनाझोलसारखी गोळी किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक दिले की हीच पातळी इतकी वाढते की औषधच किडनीला इजा करते. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन हे आणखी एक. यात तालुक्याच्या डॉक्टरचा दोष नाही. त्याला हे कोणी सांगितलेले नाही आणि रात्री फोन करून विचारावे असा नंबर त्याच्याकडे नाही. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसमुळे काहींना नव्याने मधुमेह होतो. हृदयविकाराने किडनी चालू असतानाच माणूस जातो, हेही मोठे कारण आहे. रक्तदाब, साखर, तंबाखू या गोष्टी प्रत्यारोपणानंतर अधिक महत्त्वाच्या होतात.

मुलांचे वेगळे सांगायला हवे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किडनी बसवली की आई गोळीची वेळ घड्याळ लावून पाळते. तो सतरा-अठराचा होतो, कॉलेजला शहरात जातो, वसतिगृहात राहतो. औषधांनी चेहरा गोल झालेला असतो, मित्र चिडवतात. तो गोळ्या लपवतो, मग टाळतो. जगभर सगळीकडे या वयात किडन्या सर्वाधिक जातात. या मुलांशी बोलायला समुपदेशक हवा. डॉक्टरने दम देऊन हे सुधारत नाही.

ऑपरेशनला पैसे द्यायचे आणि औषधांना द्यायचे नाहीत, हा प्रकार अमेरिकेनेही केला. तिथे १९७२ च्या कायद्यानुसार किडनीच्या रुग्णांचा डायलिसिसचा आणि प्रत्यारोपणाचा खर्च सरकारी मेडिकेअर योजना उचलते. पण पासष्टच्या आतल्या रुग्णाची औषधे प्रत्यारोपणानंतर छत्तीस महिन्यांनी बंद होत. लोकांची औषधे सुटत, किडन्या जात, आणि मग त्यांच्या डायलिसिसवर तेच सरकार वर्षानुवर्षे कितीतरी जास्त खर्च करत बसे. रुग्ण आणि डॉक्टर खूप वर्षे भांडले. डिसेंबर २०२० मध्ये कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२३ पासून औषधे कायम मिळण्याची सोय झाली. एवढ्या श्रीमंत देशाला हा हिशेब पटायला इतका काळ लागला. आपण तरी त्यावरून शिकावे.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. कराचीच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या आठ खाटांच्या वॉर्डातून डॉ. अदीब रिझवी यांनी सिंध इन्स्टिट्यूट ऑफ युरॉलॉजी अँड ट्रान्सप्लांटेशन उभी केली. तिथे डायलिसिस, प्रत्यारोपण आणि त्यानंतरची औषधे मोफत मिळतात. किडनी दिलेल्यांसाठी स्वतंत्र तपासणीही आहे, जी आपल्याकडे क्वचित दिसते. सरकारचा पैसा आणि लोकांच्या देणग्या या दोन्हींवर ही संस्था चालते. अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी परदेशातली प्रॅक्टिस सोडून येऊन किडनी संस्था उभारली, आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत मोठ्या संख्येने प्रत्यारोपणे होऊ शकतात हे दाखवून दिले. हे गरीब देशांत जमत नाही असे आता कोणी म्हणू नये.

आणि आयुष्यभराचे औषध मोफत देणे आपल्या सरकारला जमते, याचा पुरावा आपल्या जिल्हा रुग्णालयातच आहे. १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. आज जिल्ह्याजिल्ह्यांत ही औषधे देणारे एआरटी केंद्र आहे. तिथे रुग्णाची नोंद असते, समुपदेशक असतो, गोळ्या मोजून दिल्या जातात, कोणी आला नाही तर त्याला शोधले जाते. देशभर लाखो माणसे त्यावर जगत आहेत, काम करत आहेत, लग्ने करत आहेत. प्रत्यारोपण झालेल्यांची संख्या त्यांच्या मानाने फार लहान आहे. जी पद्धत आपण स्वतः घडवली आणि वीस वर्षे यशस्वीपणे चालवली, तीच इथे लावायची आहे. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला औषधांसाठी महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण ती सरकारी संस्थांच्या मार्फत आहे आणि आपली बहुसंख्य प्रत्यारोपणे खासगी रुग्णालयांत होतात. पिवळे रेशनकार्ड असलेला माणूस ट्रस्टच्या मदतीने खासगी रुग्णालयात किडनी बसवून घेतो आणि त्याच कारणाने या मदतीपासून दूर राहतो. मदत रुग्णाच्या मागे जायला हवी, रुग्णालयाच्या नाही.

नोंदीबद्दलही बोलले पाहिजे. कोणत्या रुग्णालयात किती प्रत्यारोपणे झाली, हे वर्तमानपत्रात फोटोसह येते. त्यांतल्या किती किडन्या पाच वर्षांनी, दहा वर्षांनी चालू होत्या, हे येत नाही. ज्या रुग्णालयाला प्रत्यारोपणाचा परवाना आहे, त्याने दरवर्षी आपल्या प्रत्येक रुग्णाचा आणि प्रत्येक दात्याचा हिशेब राज्याकडे दिला पाहिजे आणि राज्याने तो छापला पाहिजे. परवान्याच्या नूतनीकरणाला ही अट घाला. रुग्णालये आपोआप रुग्णाला फोन करून बोलावू लागतील.

श्रोतेहो, तुमच्यापैकी प्रत्येकाला मी एक विनंती करतो. अवयवदानाचा अर्ज भरा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण शेवटी रुग्णालयात डॉक्टर विचारणार आहेत तुमच्या घरच्यांना. आज रात्री जेवताना त्यांना स्पष्ट सांगा की माझ्यावर तशी वेळ आली तर नाही म्हणू नका. तुमच्या नात्यात, शेजारी कोणी डायलिसिसवर असेल, आणि विशेषतः ती बाई असेल, तर तिचे नाव यादीत घातले आहे का, एवढे विचारा. घातले नसेल तर तिच्यासोबत जाऊन घाला. ज्यांची किडनी बसवून झाली आहे त्यांना या महिन्याच्या गोळ्या आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. इथे तालुक्यातले डॉक्टर बसले आहेत. त्यांनी आपल्या भागातल्या प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची यादी करावी आणि त्यांना कोणतेही नवे औषध सुरू करण्याआधी किडनीच्या डॉक्टरला फोन करावा. माझा नंबर संयोजकांकडे ठेवून जात आहे.

राज्य सरकारकडे माझी मुख्य मागणी अशी आहे. प्रत्यारोपण कुठेही झालेले असो, त्या रुग्णाला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड या तीन गोळ्या त्याच्या जिल्हा रुग्णालयात दर महिन्याला मोफत मिळाव्यात, आणि त्याच दिवशी त्याचे रक्त तिथेच घेऊन तपासणीला पाठवले जावे. यासाठी लागणारी इमारत, फ्रीज, औषधनिर्माता आणि खिडकी प्रत्येक जिल्ह्यात आज उपलब्ध आहे.